कादंबरी मांडीवर, सिनेमा समोर: ‘द शेल्टरिंग स्काय’ दोन्हीकडून कसा गाठायचा

आमच्या वाचनकट्ट्यावर कादंबरीवरून केलेला सिनेमा दाखवला की दिवे लागल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘पुस्तकाची सर नाही.’ सगळे माना डोलावतात आणि गाडी चहावर जाते. वाक्य खोटं असतं असं नाही, पण त्यातून हाती काहीच लागत नाही. सर नाही म्हणजे नेमकं काय नाही? जे नाही ते कुठे गेलं? त्याच्या जागी काय आणून बसवलं? हे तीन प्रश्न धरून बसायचं तर एक पद्धत लागते. मी ती एका कादंबरीवर आणि तिच्या सिनेमावर चुकतमाकत शिकले, म्हणून तीच जोडी इथे घेते.

कादंबरी पॉल बोल्स या अमेरिकन लेखकाची, 1949 सालची. सिनेमा इटालियन दिग्दर्शक बर्नार्दो बर्तोलुचीचा, 1990 चा. दोन्हींचं नाव ‘द शेल्टरिंग स्काय’. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. पोर्ट आणि किट मोर्सबी हे न्यूयॉर्कचं जोडपं उत्तर आफ्रिकेत येऊन उतरतं. बरोबर टनर नावाचा एक देखणा, थोडा उथळ मित्र. पैशाची ददात नाही, कामाची घाई नाही, परतीचं तिकीट नाही. लग्न मोडलेलं नाही, पण हॉटेलात खोल्या दोन घेतात. दोघांनाही वाटतं की प्रवासात केव्हातरी आपण पुन्हा जवळ येऊ. आणि ते जातात कुठे, तर सहारात, आत, आणखी आत.

पुढे शेवटापर्यंतच्या सगळ्या गोष्टी उघड होणार आहेत. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथे थांबावं, पुस्तक संपवून यावं.

आधी पुस्तक, आणि का ते

एरवी मी ‘आधी पुस्तकच’ असा हट्ट धरत नाही. कथानकाच्या जोरावर चालणारी कादंबरी असेल तर सिनेमा आधी पाहिला तरी फारसं बिघडत नाही. इथे बिघडतं. या कादंबरीतलं निम्मं सामान माणसांच्या डोक्यात आहे. सिनेमा आधी पाहिलात तर पोर्ट म्हणजे जॉन माल्कोविच आणि किट म्हणजे डेब्रा विंगर, हे कायमचं ठरून जातं. मग वाचताना शब्दांवरून तुम्ही माणूस उभा करत नाही, चेहऱ्यावर शब्द चिकटवत जाता.

पूर्ण, असंक्षिप्त इंग्रजी आवृत्ती घ्या. बोल्सचं इंग्रजी अवघड नाही. वाक्यं सरळ, कोरडी, जवळजवळ थंड. मधूनमधून फ्रेंच येतं, कारण तेव्हाचा अल्जेरिया फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि 1962 पर्यंत राहिला. ते फ्रेंच कळलं नाही तरी पुढे जा, पोर्ट आणि किटचंही त्या देशात बरंच काही कळायचं राहिलेलं असतं. तीन भागांना तीन आठवडे ठेवा. झपाटून एका रविवारात संपवण्याचं पुस्तक हे नव्हे. तिसरा भाग तर रात्री उशिरा एकटीने वाचू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सिनेमाची प्रत मात्र चांगली मिळवा. मी पहिल्यांदा हा सिनेमा एका घासलेल्या सीडीवर पाहिला. चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या, रंग चहात बुडवून काढल्यासारखे. ‘संथ आणि पिवळट’ असं माझ्या वहीत लिहून मोकळी झाले. काही वर्षांनी धड प्रत पाहिली तेव्हा लक्षात आलं, मी अर्धा सिनेमाच पाहिला नव्हता. उघडी शरीरं आणि मोठ्यांचे प्रसंग भरपूर आहेत, तेव्हा घरात कोणासोबत पाहता ते आधीच ठरवा.

वहीत मधोमध रेघ

सगळ्या पद्धतीतलं हे खरं काम, त्यामुळे इथे घाई नको.

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे दिसतं किंवा ऐकू येतं ते लिहायचं: कॅमेऱ्याला आणि माइकला पकडता येईल असं. उजवीकडे जे फक्त मनात घडतं ते. प्रत्येक प्रकरणातला एखादाच प्रसंग निवडा. सगळंच उतरवायला बसलात तर आठवडाभरात वही माळ्यावर जाईल.

पहिल्याच पानाचं करून दाखवते. पोर्ट एका खोलीत जागा होतो. डाव्या रकान्यात काय येईल? माणूस, पलंग, अनोळखी खोली. संपलं. उजव्या रकान्यात बघा. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याची घाईही नाही. कुठल्यातरी नाहीपणातून लांबचा पल्ला मारून तो परत आलाय. मनाच्या तळाशी एक अथांग उदासी आहे, आणि गंमत म्हणजे त्या उदासीचाच त्याला धीर वाटतो, कारण सगळ्यात तेवढी एकच गोष्ट ओळखीची आहे.

डावीकडे दीड ओळ, उजवीकडे आठ. असं चार-पाच प्रसंगांचं झालं की दिग्दर्शकापुढे काय वाढून ठेवलंय ते तुम्हाला आपोआप दिसतं. ‘ओळखीची म्हणून धीर देणारी उदासी’ याचा फोटो कसा काढणार?

आता उलट्या बाजूचं उदाहरण. आइन क्रोर्फा नावाच्या गावातलं हॉटेल. माश्या, घाण, आणि किटच्या ताटातल्या सशाच्या रश्श्यात केसाळ कातडीचे तुकडे. इथे डावा रकाना भरलेला. पण उजवा रिकामा सोडू नका. किट ही शकुन-अपशकुनांवर जगणारी बाई आहे. सकाळी उठल्याबरोबर आजचा दिवस कसा आहे हे ती बारीकसारीक खुणांवरून ठरवते, आणि ठरलं की त्या भीतीत दिवसभर बसून राहते. तिच्या लेखी रश्श्यातला केस म्हणजे नुसता केस नसतो. हे पुस्तकात एकदा सांगितलं की वाचक पुढे प्रत्येक वस्तूकडे तिच्या नजरेने पाहतो. पडद्यावर मात्र केस हा केसच. फार तर तो किळसवाणा होईल, अपशकुनी होणं कठीण. सिनेमाने किटची ही बाजू कशी सांभाळली, हा प्रश्न आत्ताच वहीच्या समासात लिहून ठेवा. उत्तर नंतर.

गावांची माळ

दुसऱ्या भागापर्यंत आलात की एका पानावर प्रवास काढा. नाव न घेतलेलं बंदराचं शहर, मग बूसिफ, आइन क्रोर्फा, बू नूरा, एल गा आणि शेवटी स्बा. मोबाइलवर नकाशा उघडून ही गावं शोधत बसू नका. महत्त्वाचा आहे तो क्रम. प्रत्येक गावाखाली दोनच गोष्टी लिहा: तिथे कसे पोचले, आणि कोण कोणाबरोबर होतं.

एवढ्यानेच सगळं बाहेर येतं. बूसिफला जाताना पोर्ट प्रवासात भेटलेल्या लाईल नावाच्या विचित्र मायलेकांच्या मोटारीतून जातो, किट टनरबरोबर आगगाडीने. गाडीत शॅम्पेन, आणि त्या रात्रीचा परिणाम. पुढे पोर्ट टनरला लाईल मंडळींच्या गळ्यात बांधून वाटेतून काढतो. मग पासपोर्ट चोरीला जातो. पोर्टचा संशय हॉटेलवाल्या स्थानिक माणसावर, चोर निघतो त्या मायलेकांतला मुलगा, एरिक लाईल. पासपोर्ट सापडतो, आणि तो घेऊन टनर बू नूराला यायला निघालाय असं कळतं. इथे पोर्ट काय करतो? पासपोर्टची वाट पाहण्याऐवजी टनरला टाळायला किटला घेऊन एल गाच्या बसमध्ये बसतो. अंगात ताप चढायला लागलेला. एल गाला रोगाची साथ आहे म्हणून हॉटेल दार उघडत नाही. तिथून ट्रकने स्बा, फ्रेंच लष्कराच्या ठाण्यातली एक खोली, आणि टायफॉइड.

कागदावर ही माळ ओवली की वाळवंटाने त्यांना मारलं असं म्हणायची सोय उरत नाही. बायकोबरोबर एकटं असावं एवढ्यासाठी हा माणूस औषधपाण्यापासून एकेक गाव लांब जात राहतो, आणि त्याच्या मनात काय आहे हे तो तिला एकदाही नीट सांगत नाही.

सिनेमा: पहिल्यांदा वही बंद

138 मिनिटं. एका बैठकीत, अंधारात, शक्य तर हेडफोन लावून. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा. फोनही. ‘हे पुस्तकात नव्हतं’ असं मनात येईल, येऊ द्या, लिहू नका. पाहून झालं की झोपायच्या आधी फक्त लक्षात राहिलेली पाच चित्रं लिहा. वाक्यं नकोत, चित्रंच.

दुसऱ्यांदा: थांबत थांबत

दोन-तीन दिवसांनी परत लावा. आता हातात वही, रिमोट जवळ. चार खुणा वापरते मी: गेलं, आलं, हललं, चिकटलं. गाळलेल्याला ‘गेलं’. नव्याने घातलेल्याला ‘आलं’. जागा किंवा तोंड बदललेल्याला ‘हललं’. दोन प्रसंगांचा एक झाला तर ‘चिकटलं’. एक नमुना घ्या. प्रवासी आणि पर्यटक यांतला फरक कादंबरीत पोर्टच्या विचारात, निवेदनातून येतो: पर्यटकाला काही आठवड्यांनी घर आठवतं, प्रवासी कुठलाच नसतो. सिनेमात तेच बंदरावर तिघांच्या बोलण्यात येतं, आणि प्रवासी कदाचित परतणारच नाही असं म्हणते ती किट. खूण: हललं. पण नुसती खूण करून थांबू नका. पोर्टचा गर्व किटच्या तोंडी गेला की त्याचं भाकीत होतं. शकुन पाहणाऱ्या बाईच्या तोंडी ते शोभतंही. समासातल्या आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

कादंबरीत मार्निया ही मुलगी पोर्टला एक गोष्ट सांगते. तीन मुली असतात, त्यांना सहारात बसून चहा प्यायचा असतो. वाळूच्या सगळ्यांत उंच टेकडीच्या शोधात त्या चढतच राहतात, आणि शेवटी सापडतात तेव्हा मेलेल्या असतात, पेल्यांत चहाऐवजी वाळू. पहिल्या भागाचं नावच ‘टी इन द सहारा’ आहे. ‘द पोलीस’ या बँडने पुढे 1983 मध्ये याच नावाचं गाणं केलं. सिनेमात मार्नियाच्या तंबूतला प्रसंग आला की नीट कान द्या आणि या गोष्टीपुढे कोणती खूण करायची ते तुम्ही ठरवा.

आतलं बाहेर कुठून आणलं

आता मुख्य शोध. उजव्या रकान्यातलं सामान पडद्यावर कोणत्या दाराने आत आलं? या सिनेमात मला चार दारं दिसतात. चारही दारं सारखी चालत नाहीत.

रंग हे सगळ्यांत मोठं. छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो. रंगांना अर्थ लावून काम करणारा माणूस, आणि बर्तोलुचीचा जुना जोडीदार. इथे त्याने पोर्टला सूर्य मानलं: लाल, नारिंगी, तापलेलं. किटला चंद्र: निळं, गार. करून बघा. आवाज पूर्ण बंद करून पहिली चाळीस मिनिटं परत लावा आणि प्रत्येक खोलीत प्रकाश कोणाच्या बाजूचा आहे तेवढंच लिहा. नवरा-बायको एकाच चौकटीत असूनही दोन वेगळ्या वेळांत बसलेले दिसतील. पोर्ट गेल्यानंतर पडद्यावर कोणता रंग चढतो तेही पाहा. पुस्तकातला अबोला स्तोरारोने असा मांडलाय, आणि या एका बाबतीत मी सिनेमाला झुकतं माप देते. त्याला या कामासाठी ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला.

दुसरं दार संगीताचं. जपानी संगीतकार रियुइची साकामोतोची तारवाद्यांवरची एकच धून पुन्हा पुन्हा येते. रिचर्ड हॉरोविट्झच्या साथीने केलेल्या या संगीताला गोल्डन ग्लोब मिळाला. धून सुंदर आहे, हीच माझी तक्रार. बोल्सचं गद्य कधी कोणाचं सांत्वन करत नाही. धून करते. जिथे पुस्तक तुम्हाला कोरडं सोडून निघून जातं, तिथे सिनेमा खांद्यावर हात ठेवतो. बोल्स स्वतः संगीतकार होता, एरन कोपलंडचा शिष्य, आणि तरी त्याने आपल्या गद्यात सूर लावला नाही, हे विसरू नका.

तिसरं दार चेहऱ्यांचं. त्यावर पुढे बोलूच.

चौथं दार सगळ्यांत चमत्कारिक: लेखक स्वतः. ऐंशीला टेकलेला बोल्स सिनेमात कॅफेत बसलेला दिसतो, आपल्याच पात्रांकडे बघत असतो, आणि निवेदनाचा आवाजही त्याचाच. उजवा रकाना पडद्यावर नेण्याचा हा सर्वांत थेट मार्ग, आणि मला तो थोडा कामचुकारपणा वाटतो. तरी पहिल्या कॅफेच्या प्रसंगात त्याचे डोळे बघा. ज्याने ही माणसं चाळीस वर्षांपूर्वी मारली, तो आता त्यांना पुन्हा जिवंत हिंडताना पाहतोय.

तीन जागी थांबा

सगळा सिनेमा पान-पान करून जुळवायची गरज नाही. तीन जागा पुरतात.

पहिली, कड्यावरची. पोर्ट आणि किट सायकलींवरून जातात आणि खाली अफाट सपाट मुलूख पसरलाय अशा जागी बसतात. शीर्षकाचा उगम इथेच आहे. पोर्टला आभाळ घट्ट, टणक वाटतं, पलीकडे जे आहे त्यापासून आपल्याला झाकणारं. पलीकडे काय आहे, असं किट विचारते. काही नाही, नुसता काळोख. तिला हे बोलणं नकोसं होतं. बघण्याची पद्धत अशी: आधी पुस्तकातलं ते दीड पान मोठ्याने वाचा. मग सिनेमातला प्रसंग लावा आणि माणसांकडे न बघता आभाळाने चौकटीचा किती भाग व्यापलाय ते बघा. नंतर शरीरांकडे. सिनेमा इथे दोघांना एकमेकांच्या जवळ आणतो, अगदी देहाने, आणि जवळीक साधत नाही ती नाहीच. पुस्तकात बोलण्यात जे निसटतं ते इथे मिठीत निसटतं. मला हा बदल प्रामाणिक वाटला. आमच्या कट्ट्यावरच्या एका काकांना अजिबात नाही. त्यांच्या मते पोर्ट-किटची खरी शोकांतिका अशी की ते तिथवरही पोचत नाहीत. काकांचं म्हणणं मी अजून खोडू शकलेले नाही.

दुसरी जागा पोर्टच्या मरणाची. स्बामधली खोली, खाली अंथरूण, तापाने फणफणलेला माणूस. कादंबरीत आपण त्याच्या डोक्यात असतो. भाषा विरघळते, वेदना हीच एक जागा होते, आणि शेवटाला ते झाकणारं आभाळाचं तलम कापड भेदून पलीकडे हात जातो. हे लिहिताना आपण माजून म्हणजे गांजाचा गोड मुरंबा घेतला होता, असं बोल्सनेच 1972 च्या आत्मचरित्रात सांगितलंय. कॅमेरा त्या डोक्यात शिरू शकत नाही. मग बर्तोलुची बाजू बदलतो. आजारी माणसाऐवजी तो त्याच्याजवळ बसलेल्या बाईकडे बघायला लागतो. इथे तिसरं दार उघडतं. विंगरचा चेहरा: थकवा, चीड, माया, पुन्हा चीड. रुग्णाचं केलेल्या कोणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. पुस्तकातलं मरण पोर्टचं आहे, सिनेमातलं किटचं. वहीत एक गोष्ट जरूर नोंदवा: प्राण जाताना किट दोन्हीकडे नेमकी कुठे असते? कादंबरीत ती त्या रात्री ठाण्याबाहेर अडकलेली असते, टनर आलेला असतो, आणि पोर्ट एकटा जातो. तिच्या पुढच्या सगळ्या वागण्याची गाठ तिथे आहे.

तिसरी जागा म्हणजे अख्खा तिसरा भाग, आणि इथे मी सिनेमाशी भांडते.

पोर्टचं प्रेत मागे टाकून किट एकटी निघते आणि एका उंटांच्या तांड्याला जाऊन मिळते. कादंबरीत तांड्यातला तरुण बेलकासिम आणि त्याचा वयस्क सोबती हे दोघंही तिच्यावर जबरदस्ती करतात. बोल्स ते थंडपणे सांगतो, आणि त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे किटचं मन त्याला हळूहळू सुखाचं नाव देऊ लागतं. हे वाचताना मी पुस्तक दोनदा खाली ठेवलं. सिनेमा यातली हिंसा जवळपास पुसून टाकतो. उरतो एक देखणा, अबोल बेलकासिम, चांदणं, वाळूच्या लाटा, संवाद जवळजवळ नाहीत. चित्रं अप्रतिम, मोरोक्को, अल्जेरिया आणि नायजरमध्ये जाऊन टिपलेली. पण जबरदस्तीची प्रेमकथा झाली.

इथे ‘कोणी चूक केली’ एवढ्यावर थांबू नका. वहीत तीन ओळी लिहा: पुस्तकात किट शुद्धीवर आहे का? सिनेमात आहे का? आणि बेलकासिमला दोन्हींपैकी एकीकडे तरी स्वतःचं मन दिलंय का? तिसऱ्याचं माझं उत्तर: कुठेच नाही. त्याच्या वाट्याला फक्त डावा रकाना. 1949 सालच्या गोऱ्या लेखकाने सहारातल्या माणसाला असं पाहिलं याचं नवल नाही. 1990 मध्येही कॅमेऱ्याने तसंच पाहावं, हे खटकतं.

लेखकाचं चरित्र: चिमूटभरच

आता बाहेरचं वाचायला हरकत नाही. बोल्स 1947 मध्ये मोरोक्कोतल्या तंजियरला गेला आणि 1999 मध्ये तिथेच वारला. त्याची बायको जेन बोल्स ही स्वतः ताकदीची लेखिका, दोघांचं नातं गुंतागुंतीचं. करार केलेल्या अमेरिकी प्रकाशकाने ‘ही कादंबरीच नव्हे’ म्हणून हस्तलिखित परत पाठवलं होतं, मग ती आधी लंडनहून निघाली. नाटककार टेनेसी विल्यम्सने न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिचं परीक्षण लिहिलं.

धोका इथे आहे. पोर्ट म्हणजे पॉल आणि किट म्हणजे जेन, असं समीकरण मांडलं की सगळं सोपं होतं. सिनेमाही त्याला फूस देतो: विंगरचे आखूड केस जेनची आठवण करून देतात. पण पुस्तक आलं तेव्हा पॉल आणि जेन दोघंही जिवंत होते, एकत्र होते. टायफॉइडने कोणी मेलं नव्हतं. चरित्राने कुतूहल भागतं, प्रसंग उलगडत नाही. म्हणून हे वाचन शेवटी, आणि तेही एका संध्याकाळपुरतं. पटकथा बर्तोलुचीबरोबर मार्क पेप्लोने लिहिली आणि त्यानेच पूर्वी इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या ‘द पॅसेंजर’ची पटकथाही लिहिली होती, ज्यात सहारात एक माणूस दुसऱ्याची ओळख पांघरून निघून जातो. मला विचाराल तर ही माहिती जास्त उपयोगी आहे.

बोल्सला सिनेमा मुळीच आवडला नाही, आणि शेवटावर तर त्याचा विशेष राग होता. हे कट्ट्यावर आधी सांगू नका. एकदा लेखकाचा निकाल कळला की बाकीचे आपलं डोकं चालवायचं थांबवतात.

चर्चेला बसताना

एकच नियम: ‘पुस्तकाची सर नाही’ आणि ‘दोन्ही माध्यमं वेगळी’ ही दोन वाक्यं बंदी. पहिलं वाक्य चर्चा संपवतं, दुसरं ती सुरूच होऊ देत नाही. प्रत्येकाने आपल्या वहीतलं एकच पान आणायचं, एकच प्रसंग, डावा-उजवा रकाना वाचून दाखवायचा आणि सांगायचं की उजवीकडचं कोणत्या दाराने आत आलं, की बाहेरच राहिलं. आठ जण असतील तर दोन तास सहज जातात. टनरबद्दल कोणीतरी बोललंच पाहिजे हे बघा, त्याला सगळे विसरतात. बिचारा शेवटपर्यंत शोधत राहतो तो एकटाच.

लिहायची हौस असेल तर उलटा स्वाध्याय करा. पहिल्या पानावरचा उजवा रकाना घ्या आणि निवेदन न वापरता, पाच ओळींत, पटकथेचा प्रसंग लिहा. माझा प्रयत्न असा होता: माणूस जागा होतो, हात लांब करून उशाजवळचं घड्याळ घेतो, काच नखाने टकटकवतो आणि वेळ न बघताच परत ठेवतो. बरा नाही, ठाऊक आहे मला. पण हा असा एक तास घालवल्यावर बर्तोलुचीला नावं ठेवताना जीभ जरा अडखळते.

शेवट आधी पाहा, मग वाचा

सगळ्यात शेवटी दोन्ही शेवट लागोपाठ घ्या, आणि या एका वेळी आधी सिनेमा.

सिनेमात सुटका झालेली किट परत शहरात येते, पहिल्याच कॅफेत शिरते, आणि तिथे म्हातारा बोल्स बसलेला असतो. तो विचारतो, हरवलीस का? ती हो म्हणते. मग त्याच्या आवाजात ते प्रसिद्ध बोलणं: मरण केव्हा येणार हे ठाऊक नसल्यामुळे आयुष्य ही न आटणारी विहीर वाटते, पण पौर्णिमेचा चंद्र उगवताना आपण आणखी किती वेळा बघणार, कदाचित वीसदा. कादंबरीत हा विचार पोर्टचा. साकामोतोच्या मनात तो आवाज इतका रुतून बसला की 2017 च्या त्याच्या एका अल्बममध्ये, चंद्राचंच नाव असलेल्या रचनेत, त्याने तो पुन्हा वापरला, वेगवेगळ्या भाषांतल्या आवाजांसकट.

आता पुस्तकाचं शेवटचं पान उघडा. अमेरिकन वकिलातीतली एक बाई किटला टॅक्सीने हॉटेलशी आणते. टनर आहे का ते बघायला ती आत जाते. बाहेर येते तेव्हा टॅक्सीत कोणी नाही. रस्त्यावरून गच्च भरलेली ट्राम निघालीय. ती चढ चढत अरबी वस्तीच्या कडेला जाते, तिथे मोठं वळण घेते आणि थांबते, कारण रूळ तिथेच संपतात. किट ट्राममध्ये आहे की नाही, हे बोल्स लिहीत नाही. हे पान मोठ्याने वाचा, आणि मग वहीत रेघ मारून बघा: उजव्या रकान्यात लिहिण्यासारखं या पानावर एक अक्षर तरी आहे का?